थ्री-नॉट-थ्रीचा प्रवास : महायुद्धकालीन रायफल आणि मराठवाड्याच्या इतिहासातील शस्त्रांचा प्रश्न

प्रस्तावना

युद्धाचा इतिहास लिहिताना इतिहासकाराची दृष्टी सामान्यतः सेनापती, तह, सीमा आणि जय-पराजय यांवर स्थिरावते. शस्त्राचा उल्लेख येतो तो केवळ साधन म्हणून. युद्ध संपले की साधनाचेही काम संपले, असे आपण नकळत गृहीत धरतो. प्रत्यक्षात पायदळाची रायफल ही ज्या राज्यासाठी घडविली गेली त्या राज्यापेक्षा अधिक काळ टिकते. राज्य लयाला जाते, सैन्य विसर्जित होते, ध्वज बदलतो. परंतु तेल-पाणी केलेली रायफल आणि तिला बसणारे काडतूस जोवर उपलब्ध आहे तोवर ती कोणाच्या ना कोणाच्या हाती असते.

ब्रिटिश साम्राज्याची ली-एनफिल्ड ही रायफल, म्हणजेच आपल्याकडील सर्वपरिचित 'थ्री-नॉट-थ्री', हे याचे ठळक उदाहरण होय. दोन्ही महायुद्धांत वापरलेली ही रायफल १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानातील संघर्षात दिसते, २००८ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती दिसते आणि गडचिरोलीच्या जंगलात जप्त झालेल्या शस्त्रांच्या याद्यांतही दिसते. प्रस्तुत निबंधात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. ही रायफल मराठवाड्याच्या इतिहासात कोणकोणत्या मार्गांनी आली? एका संघर्षातील शस्त्रे पुढील संघर्षात का उतरतात? आणि या प्रश्नाच्या अभ्यासामुळे मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या आपल्या आकलनात कोणती भर पडते?

रायफलीची जडणघडण आणि वसाहतकालीन शस्त्रनीती

ली-एनफिल्ड या जोडनावात रायफलीचा इतिहास सामावला आहे. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली या संशोधकाने तिचा खटका आणि काडतुसांची पेटी यांची रचना केली, तर नळीच्या आतील वळणदार खाचांची पद्धत लंडनजवळच्या एनफिल्ड येथील सरकारी कारखान्यात निश्चित झाली. नळीचा व्यास ०.३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर; त्यावरूनच 'थ्री-नॉट-थ्री' हे नाव रूढ झाले. बोअर युद्धाच्या अनुभवानंतर आखूड नळीची सुधारित रायफल १९०४ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारली आणि १९०७ मध्ये तिची सर्वाधिक प्रसिद्ध आवृत्ती सिद्ध झाली. सुमारे चार किलो वजन, पेटीत दहा काडतुसे आणि प्रत्येक बारानंतर हाताने मागेपुढे करावयाचा खटका, अशी तिची साधी रचना होती.

तिच्या दीर्घायुष्याचे रहस्य या साधेपणात आहे. धूळ, चिखल आणि उष्णता यांत ती सहसा दगा देत नाही. कुशल कारागिराला तिची दुरुस्ती करता येते. आजच्या पाकिस्तानातील दर्रा आदमखेल येथील कारागिरांनी तर हातांनी तिच्या नकला घडविल्या. भारतात बंगालमधील इशापूर येथे रायफलीचा कारखाना १९०४ मध्ये सुरू झाला आणि पुढे अर्ध्या शतकाहून अधिक काळ तेथे ही रायफल तयार होत राहिली. परदेशी बनावटीचे शस्त्र सुटे भाग न मिळाल्याने निकामी होते, तसे या रायफलीचे झाले नाही. कारखाना देशात, दारूगोळा देशात आणि ती हाताळण्यास शिकलेला माणूसही देशात, अशी स्थिती निर्माण झाली.

ही शस्त्रे कोणाच्या हाती द्यावयाची, याविषयी मात्र वसाहतवादी सत्ता अत्यंत दक्ष होती. १८५७ च्या उठावानंतर देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी शस्त्रे देण्याचे धोरण दीर्घकाळ अवलंबिले गेले. गोऱ्या सैनिकांना मार्टिनी-हेन्री रायफल मिळाली तेव्हा देशी सैनिकाच्या खांद्यावर जुनी स्नायडर होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य प्रजेला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे अशक्य केले. लष्करी काडतूस नागरिकांच्या हाती पडू नये म्हणून ०.३०३ ही बोअर खाजगी वापरासाठी बंद ठेवण्यात आली आणि शिकारीसाठी ०.३१५ सारख्या वेगळ्या मापाच्या रायफली प्रचारात आल्या. तुरुंग व पोलीस यांच्यासाठी याच सांगाड्यावर ०.४१० मापाची, खाचा नसलेल्या नळीची 'मस्केट' तयार करण्यात आली. एकाच कारखान्यात सैनिक, पोलीस आणि प्रजा यांच्यासाठी वेगवेगळ्या ताकदीची शस्त्रे घडविण्याची ही उतरंड होती. शस्त्राचे माप हे सत्तेने प्रजेवर ठेवलेल्या अविश्वासाचेही माप होते, असे म्हणता येईल.

हैदराबाद संस्थानातील शस्त्रांचे प्रवाह

संस्थानी सैन्ये या उतरंडीत मधल्या पायरीवर होती. हैदराबादच्या फौजेने दुसऱ्या महायुद्धात भाग घेतला होता. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्य मलायात कोटा भारू येथे उतरले तेव्हा पहिली हैदराबाद इन्फन्ट्री तेथील विमानतळाच्या रक्षणासाठी तैनात होती. म्हणजे १९४७ मध्ये निजाम सरकारजवळ महायुद्धकालीन शस्त्रे आणि ती चालविण्यास शिकलेले सैनिक असा दुहेरी वारसा होता.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. त्यानंतर शस्त्रपुरवठा हा उभय पक्षांतील कायमचा वादविषय बनला. भारत सरकार ठरलेली शस्त्रे व दारूगोळा देत नाही, अशी निजाम सरकारची तक्रार होती. तर संस्थानात रझाकारांना मोकळे रान मिळत असताना शस्त्रे देणे म्हणजे त्यांचेच हात बळकट करणे, अशी भारत सरकारची भूमिका होती. रझाकार संघटनेचा प्रमुख कासिम रझवी हा लातूर येथे वकिली करीत असे, ही गोष्ट या प्रदेशाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. रझाकारांची संख्या दोन लाखांपर्यंत सांगितली जाते. परंतु त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांजवळच आधुनिक शस्त्रे होती आणि उर्वरितांजवळ ठासणीच्या बंदुका, तलवारी व भाले होते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. म्हणूनच रायफलीला त्या काळी विलक्षण मोल आले.

ही उणीव भरून काढण्यासाठी १९४८ मध्ये सिडने कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाची मदत घेण्यात आली. पाकिस्तानातून रात्रीच्या वेळी उड्डाण करून त्याची विमाने बीदर, वरंगळ यांसारख्या धावपट्ट्यांवर शस्त्रे उतरवीत. यासाठी वापरलेली 'लँकेस्ट्रियन' विमाने ही महायुद्धातील 'लँकेस्टर' या बॉम्बफेकी विमानाची वाहतुकीसाठी बदललेली आवृत्ती होती. युरोपातील युद्ध संपून तीनच वर्षे झाली होती. त्या युद्धातील शिल्लक माल, विमाने आणि बेकार झालेले वैमानिक यांना नवी बाजारपेठ हवी होती. ती हैदराबादच्या रूपाने मिळाली. आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके त्या वेळी बीदर जिल्ह्यातच होते. बीदरच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या पेट्या ही या परिसरातील खेड्यांसाठी दूरची घटना नव्हती.

दुसरीकडे हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कृती समितीने संस्थानाच्या सरहद्दीबाहेर सशस्त्र केंद्रे उभारली होती. नांदेड जिल्ह्याला लागून असलेले यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड हे त्यांपैकी एक प्रमुख केंद्र. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी टाकलेला छापा या लढ्यातील सुप्रसिद्ध घटना होय. लढ्याला पैसा लागत होता आणि पैशाची निकड ज्या अनेक कारणांसाठी होती त्यांत शस्त्रे हे एक महत्त्वाचे कारण होते. उदगीरजवळच्या हत्तीबेटाच्या आश्रयाने लढणाऱ्या तरुणांनाही हीच अडचण होती. माणसे मिळत होती, बंदुका मिळत नव्हत्या. सरहद्दीपलीकडून आलेली, विकत घेतलेली किंवा शत्रूकडून हिसकावलेली रायफल ही अशा वेळी एखाद्या खेड्याचे संरक्षण शक्य की अशक्य हे ठरवीत असे.

शेजारच्या तेलंगणात १९४६ पासून सुरू असलेल्या शेतकऱ्यांच्या सशस्त्र लढ्यातही हाच क्रम दिसतो. गोफण, लाठी व भरमार बंदुका यांनी सुरू झालेला लढा पोलिसांच्या रायफली हस्तगत झाल्यावर गनिमी युद्धात रूपांतरित झाला. परस्परांविरुद्ध उभ्या असलेल्या चार पक्षांच्या, म्हणजे संस्थानी फौज, रझाकार, स्टेट काँग्रेस आणि कम्युनिस्ट यांच्या हाती एकाच घराण्यातील शस्त्रे होती. दारूगोळाही एकमेकांना चालणारा होता. शस्त्र हिसकावणे हे लष्करी डावपेचांचे उद्दिष्टच बनण्यामागे हे तांत्रिक कारण आहे. शत्रूची रायफल आपल्या काडतुसावर चालत असेल तरच ती लूट ठरते. अन्यथा ती लोखंड-लाकडाचे ओझे असते.

पोलीस कारवाईनंतरचा प्रश्न : शस्त्रे कोणी मोजली?

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गमार्गे संस्थानात शिरले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी जनरल एल एद्रूस याने मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शस्त्रे खाली ठेवली. मराठवाड्याच्या दृष्टीने हा मुक्तीचा क्षण होता आणि १७ सप्टेंबर हा दिवस आपण त्याच भावनेने साजरा करतो. लष्करी दृष्ट्या पाहता मात्र शरण आले ते संघटित सैन्य. खेडोपाडी विखुरलेल्या अनधिकृत शस्त्रांची शरणागती ही निराळी आणि कितीतरी दीर्घ प्रक्रिया असते.

रझाकारांच्या अत्याचारांनी पोळलेल्या प्रदेशात सत्ता बदलली, तेव्हा सूडाची लाट उसळली आणि तिचे बळी मुख्यतः सामान्य मुसलमान कुटुंबे ठरली. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस दौरा करून सरकारला अहवाल दिला. उस्मानाबाद (आताचे धाराशिव), गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक पीडित असल्याचे समितीने नमूद केले. लातूरचाही, कासिम रझवीचे गाव म्हणून, तीत उल्लेख आहे. पोलीस कारवाईच्या काळात आणि त्यानंतर संपूर्ण संस्थानात किमान २७,००० ते ४०,००० माणसे मृत्युमुखी पडली, असा समितीचा अंदाज होता. हा अहवाल अनेक दशके सर्वसामान्य वाचकांपुढे आला नव्हता; २०१३ च्या सुमारास त्याची मोठ्या प्रमाणावर चर्चा सुरू झाली.

या आकड्यांवर अभ्यासकांत मतभेद असू शकतात आणि ते असावेत. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांतून निघणारा मुद्दा असा की, एका पक्षाच्या हातून शस्त्र गळून पडणे आणि नव्या राज्याने ते मोजून ताब्यात घेणे या दोन क्षणांच्या मधला काळ सर्वांत धोक्याचा असतो. रझाकारांच्या काळात शस्त्रहीन हिंदू खेडूत भरडला गेला. सत्तापालटानंतर शस्त्रहीन मुसलमान खेडूत भरडला गेला. दोन्ही वेळी शस्त्रधारी आणि शस्त्रहीन यांच्यातील अंतर हेच निर्णायक ठरले. मुक्तिसंग्रामाचा इतिहास सांगताना या दुसऱ्या प्रकरणाविषयी मौन बाळगल्याने मुक्तिसंग्रामाची थोरवी वाढत नाही. उलट, स्वामी रामानंद तीर्थांसारख्या नेत्यांनी ज्या लोकशाही व धर्मनिरपेक्ष राज्यासाठी तुरुंगवास सोसला, त्या ध्येयाशी ते मौन विसंगत ठरते.

सैन्याकडून पोलिसांकडे, पोलिसांकडून जंगलात

स्वातंत्र्यानंतरही ही रायफल भारतीय सैन्यात कायम राहिली. १९६२ च्या चीन युद्धात आपले अनेक जवान हाताने खटका ओढावयाच्या याच रायफलीने अर्धस्वयंचलित शस्त्रांना तोंड देत होते. त्या पराभवानंतर सैन्याने ७.६२ मिलिमीटरची स्वयंभरण रायफल आणि १९९० च्या दशकात 'इन्सास' स्वीकारली. सैन्यातून निघालेली थ्री-नॉट-थ्री मात्र भंगारात गेली नाही. ती राज्य पोलीस, गृहरक्षक दल आणि राष्ट्रीय छात्रसेना यांच्याकडे आली. आपल्या महाविद्यालयांच्या मैदानांवर छात्रसैनिकांच्या अनेक पिढ्यांनी कवायत केली ती याच रायफलीने. १८५७ नंतरच्या धोरणात देशी सैनिकाला एक पिढी जुने शस्त्र मिळत असे. स्वतंत्र भारतात तोच वाटा पोलीस शिपायाच्या पदरी आला. हेतू बदलला, उतरंड राहिली.

तिचे परिणाम २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत दिसले. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित शस्त्रांनी गोळीबार करणाऱ्या दोन दहशतवाद्यांसमोर रेल्वे पोलिसांजवळ लाठ्या आणि थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या. त्या शिपायांच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु धैर्याची परीक्षा एका शतकापूर्वी स्वीकारलेल्या शस्त्राच्या आधारे घेतली गेली, हे विसरता येत नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात या रायफलीला औपचारिक निरोप दिला.

पोलिसांचे शस्त्र हेच त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्यांचे कोठार बनते, हा अनुभव गडचिरोलीने दिला. १९८० मध्ये तेलंगणात 'पीपल्स वॉर' गटाची स्थापना झाली आणि त्याच सुमारास त्याची दलमे गोदावरी-प्राणहिता ओलांडून गडचिरोलीत आली. त्यानंतरच्या काळात चकमकीनंतर जाहीर होणाऱ्या शस्त्रांच्या याद्यांत एके-४७, इन्सास आणि एस.एल.आर. यांच्या शेजारी थ्री-नॉट-थ्री, बारा बोअर आणि भरमार बंदूक यांची नोंद वारंवार आढळते. एका यादीत दीड शतकाचे शस्त्रतंत्र एकत्र नांदते. यांतील लष्करी बनावटीच्या शस्त्रांचा मोठा भाग पोलीस ठाण्यांवरील हल्ले व घातपात यांतून लुटलेला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने आपल्या साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. त्या शस्त्रांची मोजणी व नोंद झाली, ही बाब शरणागतीच्या राजकीय महत्त्वाइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.

जागतिक संदर्भ

हा अनुभव केवळ आपला नाही. सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरल्यानंतर अमेरिकेच्या गुप्तहेर संघटनेने मुजाहिदीनांना आरंभी जी शस्त्रे पुरविली त्यांत थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या आणि त्या ग्रीस, भारत इत्यादी देशांतून मिळविल्या होत्या, असे स्टीव्ह कोल यांच्या संशोधनातून दिसते. शस्त्र जुने आणि अनेक देशांत विखुरलेले असल्यामुळे पुरवठादाराचे नाव लपविणे सोपे जाते. सीरियातील यादवीत २०१२ मध्ये अलेप्पोजवळ बंडखोरांना दुसऱ्या महायुद्धातील जर्मन बनावटीच्या रायफलींचा साठा सापडला. २०२२ मध्ये युक्रेनच्या दोनेत्स्क भागात रशियाच्या बाजूने सक्तीने भरती केलेल्या सैनिकांच्या हाती १८९१ च्या आराखड्याची मोसिन-नागांत रायफल दिसली. झारच्या सैन्यासाठी तयार झालेले शस्त्र, सोव्हिएत राज्याने जपलेले, ते राज्य संपल्यानंतर तीस वर्षांनी पुन्हा खंदकात आले. येथे 'जुने' या शब्दाचा अर्थही तपासावा लागतो. आधुनिक सैन्यासमोर ही शस्त्रे दुर्बल आहेत. निःशस्त्र खेड्यासमोर ती १९०७ मध्ये होती तितकीच प्रबळ आहेत.

अभ्याससाधने आणि अडचणी

रायफल ही स्वतःच एक दस्तऐवज असते. इशापूरच्या रायफलीवर कारखान्याचे नाव, वर्ष, आवृत्ती आणि ब्रिटिश राजाची 'जी. आर. आय.' ही आद्याक्षरे मुकुटासह कोरलेली असत. प्रजासत्ताकाच्या काळात मुकुटाच्या जागी अशोकस्तंभावरील सिंह आले. या खुणा आणि क्रमांक यांच्या आधारे एखाद्या शस्त्राचा प्रवास शोधता येतो. ठाण्यातील मुद्देमालाची नोंदवही, जप्तीचा पंचनामा, जिल्हाधिकारी कार्यालयातील शस्त्रपरवान्यांच्या नोंदी आणि निजामकालीन उर्दू दप्तर ही साधने त्यासाठी एकत्र वाचावी लागतील. मराठवाड्यातील इतिहासाच्या विद्यार्थ्यांत उर्दू जाणणारे थोडे असल्याने हे दप्तर पुरेसे वाचले जात नाही.

मौखिक साधनांबाबत दोन गोष्टी नमूद केल्या पाहिजेत. एक, बोलण्यात कोणतीही लष्करी बंदूक सहज 'थ्री-नॉट-थ्री' होऊन जाते. म्हणून मुलाखतीत शस्त्राचे वर्णन, काडतूस भरण्याची पद्धत आणि एकावेळी होणारे बार यांची चौकशी केली पाहिजे. दोन, १९४८ मध्ये अठरा वर्षांचे असलेले आज पंचाण्णवच्या पुढे आहेत. स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणी काही प्रमाणात ग्रंथित झाल्या आहेत. परंतु गावाच्या रक्षणासाठी रात्री जागणारे, शस्त्रे लपवून ठेवणारे, आणि सप्टेंबर १९४८ नंतर घर सोडून पळालेले लोक यांच्या आठवणी नोंदवून घेण्यास आता अत्यल्प अवधी उरला आहे. नांदेड व लातूर येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून हे काम तातडीने हाती घ्यावे.

निष्कर्ष

१. मराठवाड्यातील १९४७-४८ च्या संघर्षात महायुद्धकालीन शस्त्रे संस्थानी कोठार, हवाई मार्गाची चोरटी आयात आणि सरहद्दीवरील केंद्रे अशा तीन प्रमुख मार्गांनी आली. या संघर्षाला जागतिक युद्धोत्तर शस्त्रबाजाराचा संदर्भ आहे. केवळ स्थानिक चौकटीत तो पुरता उलगडत नाही.

२. एकच काडतूस सर्व पक्षांना चालणे, देशातच उत्पादन असणे आणि रचनेचा साधेपणा या तीन कारणांमुळे थ्री-नॉट-थ्री एका संघर्षातून दुसऱ्या संघर्षात सहज गेली.

३. नवे शस्त्र सैन्याला आणि जुने शस्त्र पोलिसाला, ही वसाहतकालीन उतरंड स्वातंत्र्यानंतरही टिकली. तिची किंमत शिपायाने चुकविली.

४. सैन्याची शरणागती ही संघर्षाची तारीख ठरविते. संघर्षाचा शेवट ठरविण्यासाठी शस्त्रांचा हिशेब लागतो. १९४८ मध्ये हा हिशेब लागण्यापूर्वीच्या काळात दोन्ही समाजांतील निःशस्त्र माणसांनी जे सोसले, ते मुक्तिसंग्रामाच्या इतिहासाचा भाग म्हणून अभ्यासिले गेले पाहिजे.

स्वातंत्र्यसैनिकाच्या अंत्यसंस्कारप्रसंगी पोलीस पथक हवेत फैरी झाडून मानवंदना देते. ज्या जातीच्या शस्त्राने त्याच्या तारुण्यात खेडी ओस पाडली, त्याच जातीच्या शस्त्राने कित्येकदा त्याला निरोप दिला गेला. या दोन प्रसंगांमध्ये शस्त्राचे लोखंड बदलले नव्हते. ते कोणाच्या हुकमतीत आणि कोणत्या कायद्याखाली आहे, एवढेच बदलले होते. या बदलाचा इतिहास लिहिणे म्हणजे मराठवाड्यात राज्यसंस्था कशी रुजली याचा इतिहास लिहिणे होय.